यान कोणत्या ग्रहावर पाठवायचं? पोरांना भांडू द्या, पण पुराव्यानिशी!

वाशिम : ग्रामसभेत निधी येतो एकाच कामाचा आणि मागण्या असतात दहा. एक म्हणतो नाली करा, दुसरा म्हणतो शाळेची भिंत पडायला आली, तिसरा म्हणतो आधी पाण्याची टाकी. आवाज वाढतो, खुर्च्या सरकतात. शेवटी ज्याचा मुद्दा पटतो त्याचं काम मंजूर व्हावं, अशी अपेक्षा असते. दरवेळी तसं होतंच असं नाही, हे आपल्याला माहीत आहे.

अंतराळातही अगदी हेच आहे. यान एक, पैसा मोजका आणि जाण्यासारख्या जागा कितीतरी. मंगळ आहे, शुक्र आहे, गुरू-शनीचे चंद्र आहेत. मग कुठं जायचं हे ठरवतं कोण आणि कशावरून? आणि हाच प्रश्न आपल्या जिल्हा परिषद शाळेतल्या पोरांना विचारला तर? आज हेच समजून घेऊ. यात आपल्या शेजारचं लोणार पण येणार आहे, त्यामुळे शेवटपर्यंत वाचा.

पोरांनी निबंध लिहिले, विषय होता शनी

अमेरिकेच्या नासा संस्थेनं १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये कॅसिनी नावाचं यान शनीकडे सोडलं. पोहोचायला जवळपास सात वर्षं लागली. २००४ साली ते शनीभोवती फिरू लागलं आणि १५ सप्टेंबर २०१७ रोजी शनीच्याच वातावरणात शिरून संपलं.

हे यान फिरत असताना नासानं शाळकरी मुलांसाठी एक स्पर्धा सुरू केली. नाव होतं ‘एक दिवसाचा शास्त्रज्ञ’. पाचवी ते बारावीच्या मुलांसमोर तीन जागा ठेवायच्या. उदाहरणार्थ शनीचा एखादा चंद्र, शनीची कडी, नाहीतर खुद्द शनी. या तिन्हींपैकी कॅसिनीनं कुठं कॅमेरा वळवला तर विज्ञानाचा जास्त फायदा होईल, ते मुलांनी ५०० शब्दांच्या आत पटवून द्यायचं. इतर देशांतही हीच स्पर्धा झाली, तिथल्या मुलांनी आपापल्या भाषेत लिहिलं.

यात लक्षात घेण्यासारखी एक गोष्ट आहे. ‘शनीविषयी माहिती लिहा’ असा हा प्रश्न नव्हता. माहिती तर मोबाईलवर दोन मिनिटांत मिळते. प्रश्न होता : तिन्हींपैकी एकच निवडा आणि का ते सांगा. म्हणजे उरलेल्या दोन जागा का सोडल्या, याचंही उत्तर द्यावं लागणार. पाठांतर करणाऱ्या पोराची इथंच पंचाईत होते, अन् विचार करणारं पोट्टं इथंच पुढे जातं.

मोठे शास्त्रज्ञ पण असंच भांडतात

कुणाला वाटेल, हा पोराटोरांचा खेळ झाला. तसं नाही. मोठ्या मोहिमा ठरतात त्या याच पद्धतीनं.

२०२० च्या फेब्रुवारीत नासानं आपल्या एका योजनेसाठी चार प्रस्ताव शेवटच्या फेरीत घेतले. दोन प्रस्ताव शुक्राचे होते. तिसरा गुरूच्या आयो या चंद्राचा होता. सूर्यमालेत सगळ्यात जास्त जागते ज्वालामुखी तिथंच आहेत. चौथा नेपच्यूनच्या ट्रायटन या चंद्राचा. तिथं आजवर एकच यान जवळून गेलं आहे, तेही १९८९ साली. चारही गटांना आपला मुद्दा पक्का करायला नऊ महिने आणि प्रत्येकी तीस लाख डॉलर दिले.

जून २०२१ मध्ये निकाल लागला. शुक्राचे दोन्ही प्रस्ताव जिंकले. आयो आणि ट्रायटनवाले हरले. त्यांच्या प्रस्तावात खोट होती असं नाही. पैसा दोघांपुरता होता, चौघांपुरता नव्हता. आणि जिंकलेल्यांची यानं तरी लगेच उडाली का? नाही. त्यांच्याही तारखा पुढे ढकलल्या गेल्या. आपल्या रस्त्याच्या कामासारखंच आहे ते, मंजुरी मिळाली म्हणजे डांबर पडलं असं होत नाही.

आता आपल्या देशाचं पाहू. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून उडालं आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरलं. खर्च सुमारे ४५० कोटी रुपये. त्या वेळच्या लोकसंख्येनं भागलं तर माणशी साडेतीन रुपयांच्या आसपास. त्यानंतर १८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं शुक्राच्या मोहिमेला मंजुरी दिली. त्यासाठी १,२३६ कोटी रुपये ठेवले आहेत आणि मार्च २०२८ मध्ये यान सोडायचं ठरलं आहे.

मार्च २०२८ च का? कारण ग्रह सतत फिरत असतात. पृथ्वी आणि शुक्र सोयीच्या जागी यायला साधारण १९ महिने लागतात, मंगळासाठी साधारण २६ महिने. पेरणीची वेळ चुकली की हंगाम गेला, तसंच हे. फरक इतकाच की इथं पुढचा हंगाम दीड-दोन वर्षांनी येतो.

समजा, हा वाद आपल्या शाळेत झाला

आता डोळ्यासमोर आणा. आठवी-नववीचा वर्ग आहे. सरांनी फळ्यावर तीन नावं लिहिली : मंगळ, शुक्र आणि शनीचा एन्सेलेडस नावाचा चंद्र. वर्गाचे तीन गट केले. प्रत्येक गटाला दहा मिनिटं.

मंगळाच्या गटातली पोरगी उठते. ती म्हणते, “मंगळावर आटलेल्या नद्यांचे पाट दिसतात. म्हणजे तिथं एके काळी पाणी वाहत होतं. मग ते गेलं कुठं? ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरावं लागते, तिथल्या पोरांना हा प्रश्न पडला नाही तर कोणाला पडणार?”

मुद्दा दमदार आहे. मंगळाचं वातावरण आज इतकं विरळ आहे की त्याचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी भरतो. मंगळाला पृथ्वीसारखं चुंबकीय कवच उरलं नाही आणि सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या माऱ्यानं हवा हळूहळू उडून गेली, असं यानांच्या मोजमापातून दिसलं आहे. हवा गेली तसं जमिनीवर पाणी टिकणं अवघड झालं.

पण मागच्या बाकावरून आवाज येतो, “सर, मंगयावर तर यानं आधीच गेली नं. मंग पुन्हा काहून?”

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. तो सगळ्यात चांगला प्रश्न आहे. अमेरिका, युरोप, चीन, संयुक्त अरब अमिरात आणि आपण, सगळेच मंगळावर जाऊन आलो. नासाची गाडी फेब्रुवारी २०२१ पासून जेझेरो नावाच्या विवरात फिरते आहे. पूर्वी तिथं नदी येऊन तळ्याला मिळत होती. मग तुमचं यान जाऊन नवीन काय सांगणार? याचं उत्तर नसेल तर मंगळाचा गट हरला.

आता शुक्राचा गट. एक मुलगा म्हणतो, “शुक्र पृथ्वीएवढाच आहे. पृथ्वीचा व्यास १२,७५६ किलोमीटर, शुक्राचा १२,१०४. दोघं भाऊ-भाऊ. मंग एकावर माणूस राहते अन् दुसरा भट्टी कसा झाला?”

भट्टी हा शब्द बरोबर आहे. शुक्राच्या जमिनीवर सुमारे ४६५ अंश तापमान असतं. एवढ्या उष्णतेत शिसं वितळतं. गंमत म्हणजे बुध सूर्याच्या जास्त जवळ आहे, तरी शुक्र बुधापेक्षा तापलेला आहे. कारण त्याच्यावर कार्बन डायऑक्साइडची जाड गोधडी आहे. मे महिन्यात काचा लावून उन्हात उभी केलेली गाडी आठवा. ऊन आत जातं, उष्णता बाहेर पडत नाही. तोच प्रकार इथं अख्ख्या ग्रहाचा झाला आहे.

इथं मंगळाचा गट आडवा येऊ शकतो : “मंगळाच्या हवेत पण ९५ टक्के कार्बन डायऑक्साइडच आहे. मंग तो थंडा कसा?” शुक्राच्या गटानं अभ्यास केला असेल तर ते सांगतील, शुक्रावर हा वायू ९६ टक्के आहे, म्हणजे टक्केवारी जवळपास सारखीच. पण शुक्राच्या हवेचा दाब पृथ्वीच्या ९० पट, आणि मंगळाचा एक टक्काही नाही. टक्का सारखा असला तरी माल किती आहे, ते महत्त्वाचं. एका घरी चादर आणि दुसऱ्या घरी शंभर गोधड्या, दोन्ही कापसाच्याच. पोरांनी हे आपसात बोलून शोधून काढलं तर ते जन्मभर विसरणार नाहीत.

शुक्राची अडचण वेगळी आहे. तिथं उतरलेलं यंत्र टिकत नाही. १९८२ साली सोव्हिएत रशियाचं वेनेरा-१३ यान तिथं उतरलं आणि १२७ मिनिटं चाललं. हाच मोठा पराक्रम मानला जातो. वरून पाहावं तर गंधकाम्लाचे जाड ढग, जमीन दिसतच नाही. म्हणून तिथं साधा कॅमेरा कामाचा नाही, रडार लागतं. रडारच्या लहरी ढगातून आरपार जातात. भारताच्या शुक्र मोहिमेत रडार ठेवलं आहे ते याचसाठी. ग्रह कोणता यावरून यंत्र कोणतं हे ठरतं, ही गोष्ट पोरांच्या इथं ध्यानात येते.

तिसरा गट एन्सेलेडसचा. हा चंद्र एवढुसा आहे, व्यास सुमारे ५०० किलोमीटर. वाशिमहून मुंबई जेवढी लांब, साधारण तेवढाच. वरून सगळा बर्फ. पण २००५ साली कॅसिनीला दिसलं की त्याच्या दक्षिण टोकाकडून पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण फवाऱ्यासारखे उडतात. म्हणजे बर्फाखाली पाणी आहे. जिथं पाणी तिथं जीव असू शकतो, असं शास्त्रज्ञ मानतात. असू शकतो म्हटलं आहे, सापडला असं नाही. हा फरक पोरांनी जपलाच पाहिजे.

या गटाला सगळ्यात कडक प्रश्न विचारता येतो : तिथं पोहोचणार कसं? कॅसिनीला सात वर्षं लागली. एवढ्या लांब ऊन इतकं मंद असतं की कॅसिनीवर सोलर पॅनल नव्हतेच, प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारी बॅटरी होती. संदेश जायला तासाहून जास्त आणि उत्तर यायला तेवढाच वेळ. आठवीत असताना यान सोडलं तर पोहोचेपर्यंत पोरगी पदवीधर झालेली असेल.

मग कोण जिंकलं? खरं सांगायचं तर तिन्ही गट जिंकू शकतात. निकाल ग्रहावर ठरत नाही, मुद्दा कसा मांडला यावर ठरतो.

मुद्दा पक्का आहे का, हे कसं ओळखायचं?

गुरुजींनो, बाईंनो, आणि घरी बसलेल्या आई-वडिलांनो, हे पाच प्रश्न लिहून ठेवा. पोरगं कोणत्याही ग्रहाची बाजू घेऊ द्या, त्याला हे विचारा.

१. तुझा प्रश्न कोणता? ‘मंगळाचा अभ्यास करायचा’ हा प्रश्न झाला नाही. ‘मंगळावरचं पाणी कुठं गेलं?’ हा प्रश्न झाला.

२. याचं उत्तर तिथंच का मिळणार? पृथ्वीवर बसून दुर्बिणीनं मिळत असेल तर यान कशाला?

३. कोणतं यंत्र नेणार? मंगळयानावर पाच उपकरणं होती, सगळ्यांचं वजन मिळून सुमारे १५ किलो. म्हणजे दुकानातल्या तेलाच्या एका डब्याएवढं. तेवढ्या वजनात काय बसवायचं, सांग.

४. पोहोचेल का आणि टिकेल का? अंतर, ऊन, उष्णता, दाब, सगळ्याचा हिशेब दे.

५. तुझं ऐकलं तर काय सोडावं लागेल? हा सगळ्यात अवघड प्रश्न. ज्याला दुसऱ्याच्या बाजूतला दम दिसतो आणि तरी स्वतःची बाजू पटवता येते, तोच खरा वाद घालणारा.

हे पाच प्रश्न ग्रहांपुरतेच नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. बोअर कुठं घ्यायची, सोयाबीन की तूर, मुलीला कोणत्या कॉलेजात टाकायचं, सगळीकडे लागू होतात.

लोणार : आपल्या शेजारचा पुरावा

आता आपल्या भागाचं बोलू. रिसोडहून गाडीनं तासाभराच्या रस्त्यावर, शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात लोणार सरोवर आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलं आहे. कुणी दर्शनाला गेलं असेल, कुणी शाळेच्या सहलीला. लवणासुराची गोष्टही लहानपणी ऐकली असेल.

विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली सुमारे १५० मीटर. ते झालं कसं, यावर शंभरेक वर्षं वाद चालला. आपला सगळा भाग काळ्या दगडाचा. हा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून निघालेला लाव्हा, त्याला बेसाल्ट म्हणतात. म्हणून एक बाजू म्हणायची, हा ज्वालामुखीचाच खड्डा असणार. सगळीकडे लाव्हा आहे म्हटल्यावर हे पटण्यासारखं होतं. दुसरी बाजू म्हणायची, नाही, आकाशातून दगड पडला.

निकाल लागला तो पुराव्यावर. तळ्यात खोल छिद्रं पाडून खालचा दगड काढला. त्यात प्रचंड आघातानं काचेसारखं झालेलं खनिज सापडलं. ज्वालामुखीत दगड वितळतो, पण अशी काच होत नाही. त्यासाठी वरून जबर धडकच बसावी लागते. हा अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला आणि उल्केची बाजू पक्की झाली.

वाद इथं संपला का? नाही. विवराचं वय किती, यावर आजही दोन आकडे आहेत. एका पद्धतीनं सुमारे ५० हजार वर्षं येतात, दुसऱ्या पद्धतीनं साडेपाच लाखांच्या वर. म्हणजे पोरांना वाद घालायला विषय शोधायला लांब जायची गरज नाही.

पण याचा ग्रहांशी काय संबंध? संबंध थेट आहे. मंगळाची बरीचशी जमीन बेसाल्टची आहे. चंद्रावर जे काळे डाग दिसतात, तेही बेसाल्टच. त्या दोन्हींवर उल्का आदळून झालेली असंख्य विवरं आहेत. पृथ्वीवर बेसाल्टमध्ये झालेली अशी विवरं मात्र बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यात लोणार सगळ्यात चांगलं राहिलेलं. म्हणून मंगळ आणि चंद्राचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ जगभरातून इथं येतात. यान पाठवायला शेकडो कोटी लागतात, लोणारला जायला एसटीचं तिकीट लागतं.

मंगळाची बाजू घेणाऱ्या पोरीला म्हणून वाशिम जिल्ह्यात एक मुद्दा जास्तीचा मिळतो. ती म्हणू शकते, “तिथला दगड आमच्या वावरातल्या दगडासारखा आहे. आमच्याकडे विवर कसं झालं ते समजलं आहे. आता तिथलं तपासून पाहू, दोन्ही जुळते का.” असा मुद्दा लंडन-न्यूयॉर्कच्या पोराला सुचणार नाही.

एक विनंती. लोणार हे अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीत नाव असलेली पाणथळ जागा आहे. पोरांना घेऊन जा, दाखवा, वहीत चित्र काढायला लावा. पण तिथला दगड खिशात घालून आणू नका.

‘गावात पाणी नाही अन् यान कशाला?’

हा प्रश्न कट्ट्यावर कोणीतरी विचारणारच, आणि विचारलाच पाहिजे. वाशिम हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला जिल्हा आहे. शाळा, दवाखाना, सिंचन, सगळ्याची ओढाताण आपण रोज पाहतो.

खोटं बोलायचं नाही. शुक्रावर यान गेल्यानं आपल्या विहिरीला पाणी लागणार नाही. जो म्हणेल लागेल, तो फसवतो आहे. पण ज्या इस्रोनं मंगळयान पाठवलं, त्याच इस्रोच्या उपग्रहांवरून ढगांची चित्रं येतात, चक्रीवादळाचा माग लागतो आणि हवामान खात्याचे अंदाज तयार व्हायला मदत होते. लांब जायला शिकलेले हातच जवळचं कामही नीट करतात.

तरी एखादं पोरगं म्हणालं, “सर, मी तिन्ही ग्रहांच्या विरोधात. हा पैसा शाळेला द्या,” तर त्याला खाली बसवू नका. त्यालाही तेच पाच प्रश्न विचारा. पैसा किती, कुठं लागेल, त्यातून नेमकं काय होईल, काय सोडावं लागेल? त्यानं हिशेब मांडला तर तोही जिंकू शकतो. वाद म्हणतात तो याला.

शाळेत हा वाद कसा घ्यायचा?

खर्च काही नाही. फळा, खडू आणि एक मोबाईल पुरेसा आहे. आठवडाभर आधी तीन जागा जाहीर करा. गट चिठ्ठ्या टाकून पाडा, म्हणजे हुशार पोरं एकाच गटात जमणार नाहीत. प्रत्येक गटात दोन बोलणारे, दोन आकडे शोधणारे आणि एक जण फक्त समोरच्या गटाचे मुद्दे लिहून घेणारा ठेवा. शेवटी मतदान घ्या, पण स्वतःच्या गटाला मत द्यायचं नाही, हा नियम करा. मग पाहा, किती जण दुसऱ्याचं नीट ऐकतात ते.

भाषेची लाज बाळगू नका. मराठीत बोलू द्या, वऱ्हाडीत बोलू द्या. ‘काहून’ हा शब्द ‘का’पेक्षा कमी शास्त्रीय नाही. ज्येष्ठ शास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी जन्मभर मराठीत विज्ञान लिहिलं. स्वाक्षरी मागायला येणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर देईन, त्याखाली सही असेलच. सहीपेक्षा प्रश्न मोठा, हे त्यांनी असं शिकवलं.

दिवसही ठरलेले आहेत. २३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिन, कारण २०२३ साली त्या दिवशी चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. भाषणं तर दरवर्षी होतात, या वेळी एक तास वादाला द्या.

नववीच्या मुलांसाठी आणखी एक कामाची गोष्ट. इस्रो २०१९ पासून ‘युविका’ म्हणजे युवा विज्ञानी कार्यक्रम घेते. निवडलेल्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत साधारण दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात राहून शिकायला मिळतं. प्रवास, राहणं, जेवण यांचा खर्च इस्रो करते. निवड आठवीचे गुण, ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शन, खेळ, स्काउट-एनसीसी अशा गोष्टींवर होते आणि ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेत शिकणाऱ्या मुलांना त्यासाठी वेगळे गुण मिळतात. अलीकडच्या वर्षांत नोंदणी फेब्रुवारी-मार्चमध्ये इस्रोच्या संकेतस्थळावर झाली आहे. म्हणून जानेवारीपासूनच लक्ष ठेवा. खेड्यातली शाळा आहे म्हणून आपलं पोरगं मागं पडेल, असं इथं नाही. उलट इथं खेड्यातली शाळा ही जमेची बाजू आहे.

वत्सगुल्मचं नाव आकाशाच्या हिशेबात

शेवटी एक जुनी गोष्ट. वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म, ते वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होतं. त्या काळी ग्रहांची गणितं उज्जैनवरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेला धरून करत. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचार्यांनी आपल्या ‘महाभास्करीय’ ग्रंथात त्या रेषेवरची गावं सांगितली, त्यात वत्सगुल्मचं नाव आहे. आजच्या नकाशावर पाहिलं तर वाशिम उज्जैनच्या थोडं पूर्वेला येतं. त्या काळी मोजमाप तेवढं बारीक नव्हतं. पण ग्रह कुठं आहे हे शोधताना आपल्या गावाचं नाव घेतलं जात होतं, हे खरं.

आज ग्रहावर यान जातं. कुठं जायचं, हे ठरवणाऱ्या खोलीत उद्या मानोरा, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, रिसोड, वाशिम यापैकी एखाद्या तालुक्यातली पोरगी बसू शकते. त्यासाठी तिला आधी आपल्या वर्गात उभं राहून “सर, मला हे पटत नाही, कारण...” एवढं म्हणता आलं पाहिजे. ती तसं म्हणाली तर आपण मोठ्यांनी तिला गप्प बसवायचं नाही. तिच्या ‘कारण’ नंतर काय येतं, ते ऐकायचं.

आज रात्री जेवताना विचारून पाहा : यान एकच आहे, कुठं पाठवू? उत्तर आलं की लगेच पुढचा प्रश्न टाका, काहून?

लेख कामाचा वाटला तर गावातल्या शाळेच्या ग्रुपवर टाका आणि तुमच्या गुरुजींना दाखवा.